अडीच वाजता जाणारं इंटरनेट

अर्जेंटिनातल्या सान्तियागो देल एस्तेरोत दुपारी दोन ते पाच कोणी जागा दिसला, तर तो आजारी तरी असतो नाहीतर चोर. बेचाळीस अंशांच्या उन्हात कुत्रीसुद्धा मोटारीखालून हलत नाहीत. आणि राजधानीतल्या शहाण्यांनी नेलिदाची तोंडी परीक्षा ठेवली ती नेमकी अडीचला. बुएनोस आयरेसमध्ये म्हणे दुपारी कोणी झोपत नाही. नसतील झोपत, त्यांचं त्यांना लखलाभ.

नेलिदा अठ्ठावन्न वर्षांची. सहावीत शाळा सुटली ती लोकांचे कपडे धुवायला. आता मोबाइलवर शिकून शालान्त परीक्षेचा एकच विषय उरला होता, भूगोल. परीक्षक बाई पडद्यावर आल्या, पहिला प्रश्न विचारला, आणि इंटरनेट गेलं. पुढच्या आठवड्यातही अगदी तसंच. बाईंनी निरोप धाडला, तिसऱ्यांदा तुटलं तर पुढच्या वर्षी या.

कंपनीचा माणूस आला तो झोप काढून, सहा वाजता. तोवर सगळं सुरळीत. "काही बिघाड नाही, बाई," असं सांगून दोन गरम चिपाको पाव खाऊन गेला.

मग नेलिदानेच वायर चाचपत नेली. ती भिंतीवरून शेजारच्या डॉन रोसेंदोच्या अंगणात उतरत होती. तिथल्या जोडाच्या डबीवर बोटभर धूळ, आणि झाकणाचा स्क्रू मात्र लख्ख.

तिने समोरच्या ऑफेलियाला गाठलं. "दुपारी डॉन रोसेंदोंना अंगणात पाहिलंस का गं?"

"दुपारी? मी काय चोर आहे जागं राहायला?"

अख्ख्या गल्लीचं हेच. कोणी पाहिलं असतं तरी आपण जागे होतो हे कबूल करावं लागलं असतं. एवढी अब्रू घालवायला कोण तयार होणार?

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी नेलिदा येर्बा माते या कडू चहाचा तुंबा आणि गरम पाण्याचा थर्मास घेऊन दारात बसली. रोसेंदो नेहमीसारखा खुर्ची घेऊन आलाच.

"माझं नेट गेलं तेव्हा तुम्ही काही पाहिलंत का हो?"

"मी? दुपारी मी मेल्यासारखा झोपतो. तोफ उडाली तरी कळायचं नाही."

"बरं. मग तेवढी उजळणी ऐका माझी. सालादो नदी मार चिकिता सरोवराला मिळते."

"दुल्से," रोसेंदोने तुंबा खाली आदळला. "मार चिकिताला दुल्से मिळते. सालादो जाते पारानाला. पंधरा दिवस रोज दुपारी घोकताय, आणि अजून..."

तो थांबला. नेलिदाने तुंबा उचलून पुन्हा भरला.

"भिंत पातळ आहे," तो पुटपुटला. "तुमचं घोकणं सोसलं. पण ती बाई मोबाइलमधून ओरडायला लागली तेव्हा डोकं फिरलं माझं. चाळीस वर्षं रेल्वेत रात्रपाळ्या केल्या, नेलिदाबाई. एक दुपारची झोप तेवढी मागतोय."

"आणि मी एक दाखला मागतेय. सहावीपासून. उद्या तुटलं तर अजून वर्षभर घोकीन, रोज दुपारी. याहून मोठ्याने."

रोसेंदोचा चेहरा पडला.

दुसऱ्या दिवशी अडीचला इंटरनेट ठणठणीत. डोंगर झाले, पठारं झाली. राहिला शेवटचा प्रश्न.

"मार चिकिताला कोणती नदी मिळते?"

काल रचलेलं खोटं आणि पुस्तकातलं खरं, दोन्हींचा नेलिदाच्या डोक्यात पार काला झाला होता. भिंतीपलीकडे खाट करकरली आणि गप्प झाली. तिकडे कोणीतरी श्वास रोखून बसलं होतं. नेलिदाला तुंबा आदळतानाचा तो चिडका चेहरा आठवला.

"दुल्से," ती म्हणाली.

"बरोबर. झालात पास."

"सुटलो बाबा एकदाचे," भिंतीपलीकडून आवाज आला.

बाईंनी चष्मा सावरला. "कोण आहे तिथे?"

नेलिदाने पदराने पुसावेत तसे अॅप्रनने डोळे पुसले. "कोणी नाही, बाई. शेजारी आहेत. झोपेत बोलतात."