एका अक्षराची दुरुस्ती

गिरणा लिनक्सच्या इंटरनेटवरच्या मंचावर हितेंद्र चौधरीला ओळखत नाही असा माणूस शोधून सापडला नसता. जळगावच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात तो प्रयोगशाळा सहायक होता. तिथे त्याला फारसे कोणी विचारत नसे. प्रोजेक्टर चालेना झाला की 'चौधरी कुठे आहे' एवढीच त्याची आठवण निघायची. मंचावर मात्र तो हितेंद्र सर होता.

जुन्या, दमलेल्या संगणकांवरही चालावी आणि सगळे मराठीतून दिसावे अशी गिरणा ही संगणक-प्रणाली धुळ्याच्या रुपचंद महाजनांनी चार-पाच जणांना हाताशी धरून तयार केली होती. फुकट असल्यामुळे शाळा, वाचनालये, ग्रामपंचायती ती घेत आणि अडले की मंचावर येऊन विचारत. नऊ वर्षांत हितेंद्रने पाच हजारांच्या वर उत्तरे दिली होती. त्याचे काम पाहून रुपचंदभाऊंनी त्याला मंचाचा संचालक केले होते, म्हणजे कोणाचेही लिखाण दुरुस्त करायचा, काढून टाकायचा अधिकार त्याच्याकडे होता.

विचारणाऱ्यांत नूतन मॅडम होत्या. धुळ्याच्या एका अंधशाळेत त्या शिकवत. मुलांसाठी दहावीची पुस्तके वाचून घेऊन ती आवाजात साठवायचे काम त्यांनी अंगावर घेतले होते, आणि त्यांचे प्रश्न बहुतेक त्याच कामातले असत. माइकचा आवाज फाटतो, ध्वनिफीत मध्येच तुटते, असे. इतर कोणी त्या वाटेला जात नसे. अकरा प्रश्न त्यांनी विचारले होते आणि अकराही उत्तरे हितेंद्रची होती.

ऑगस्टमध्ये त्यांनी बारावा प्रश्न टाकला. शाळेला देणगीत आणखी चार जुने संगणक मिळाले होते, त्यांवर गिरणा चढवायचे होते. त्यासाठी पेन ड्राइव्ह कसा तयार करायचा, एवढेच विचारले होते. खाली लिहिले होते, 'पेन ड्राइव्हवरच्या ध्वनिफिती संगणकात हलवल्या आहेत, तो आता रिकामा आहे, त्यामुळे पुसला गेला तरी चालेल.'

त्या दुपारी कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. बाहेरून आलेले परीक्षक चहाला गेले तेवढ्यात हितेंद्रने उत्तर लिहून टाकले. शंभर वेळा दिलेली कमांड होती, बघायची गरज काय? आपल्या संगणकातल्या डिस्कला लिनक्स बहुधा एसडीए म्हणते आणि बाहेरून लावलेल्या पेन ड्राइव्हला एसडीबी. ज्याचे नाव द्याल ते पुसून त्यावर नवे लिहिले जाते. हितेंद्रने बी लिहायच्या ठिकाणी ए लिहिला आणि परीक्षकांसाठी खुर्च्या सरकवायला उठला.

दीड तासाने त्याने मोबाइल पाहिला. नूतन मॅडमनी लिहिले होते की सांगितल्याप्रमाणे केले, आता संगणक सुरूच होत नाही, काळ्या पडद्यावर एक ओळ येऊन थांबतो. माझे काही चुकले का?

हितेंद्रने पडदा वर सरकवला आणि स्वतःचे उत्तर वाचले. चूक कोणाची ते दिसत होते. मंचावर तेव्हा चाळीस-पन्नास जण हजर होते, त्यांतल्या कोणी अजून ते उत्तर उघडलेले दिसत नव्हते. त्याने दुरुस्तीचे बटण दाबले आणि ए पुसून बी केला. दुरुस्ती केली की तिथे पेन्सिलीची छोटी खूण उमटते. संचालकाला ती लपवता येते. त्याने तीही लपवली. सगळे मिळून अर्धे मिनिट लागले असेल. मग खाली लिहिले, 'वर दिलेली कमांड पुन्हा पाहा. आपण शेवटचे अक्षर चुकवलेले दिसते.'

थोड्या वेळाने त्यांचे उत्तर आले. 'हो, माझीच नजरचूक झाली असणार. आपला वेळ घेतला, माफ करा. आता आतल्या ध्वनिफितींचे काय करता येईल?'

हा प्रश्न खरा होता. डिस्कचा सुरुवातीचा तुकडाच तेवढा पुसला गेला होता. संगणक बंद ठेवा, त्यावर काही लिहू नका, डिस्क काढून माझ्याकडे आणा, एवढे तो बोलला असता तर बहुतेक सगळे परत मिळाले असते. असली कामे त्याने चार वेळा केली होती. पण तसे म्हटले असते तर मंचावरचे जाणते त्यात पडले असते. नेमके काय टाइप केले, पडद्यावर काय आले, हे विचारले गेले असते, आणि तो ए कुठून तरी वर आला असता. हितेंद्रने लिहिले, 'गेले ते गेले. ऑफिसच्या संगणकावर पेन ड्राइव्ह बनवून नव्याने इन्स्टॉल करा.'

त्यांनी तसे केले, आणि डिस्कवर उरले होते तेही त्यात पुसले गेले.

दुसऱ्या दिवशी मंचावर नूतन मॅडमना बरेच ऐकून घ्यावे लागले. न समजता कमांड चालवू नयेत, असे कोणी दहा ओळींत समजावले. शिक्षकांनीच असे केले तर कसे, असे दुसऱ्याने लिहिले. तिसऱ्याने हितेंद्र सरांच्या संयमाचे कौतुक केले, आणि त्या कौतुकाखाली हितेंद्रने सवयीने आभाराचा अंगठा दिला. पुढे कित्येक दिवस त्याला तो अंगठाच आठवत राहिला. सात महिन्यांच्या एकसष्ट ध्वनिफिती गेल्या होत्या. हा आकडा त्यांनीच एका उत्तरात लिहिला होता, तक्रार म्हणून नव्हे, कोणी विचारले म्हणून.

त्यानंतर नूतन मॅडमनी मंचावर काही विचारले नाही. हितेंद्र रोज पाहायचा. कोणाला उत्तर लिहायला बसला की कमांड पाच-पाच वेळा वाचायचा, मग सगळेच पुसून उठायचा. बायको मोहिनी एकदा म्हणाली, तुमचा मंच बंद पडला की काय? तो म्हणाला, कॉलेजात काम वाढले आहे.

नोव्हेंबरच्या शेवटी रुपचंदभाऊंचा फोन आला. गिरणाला दहा वर्षे होत होती, त्यानिमित्त धुळ्यात सगळ्यांची भेट ठरवली होती आणि त्यात हितेंद्रचा सत्कार करायचा होता. हितेंद्रने नको नको म्हटले. रुपचंदभाऊंना तो विनय वाटला. "आता मागे सरायचं नाही," ते म्हणाले. "नूतन मॅडमनी शाळेचा हॉलसुद्धा दिला आहे."

मोहिनीने रावेरला सासऱ्यांना कळवून टाकले. पितांबर आबांना लिनक्स म्हणजे काय ते ठाऊक नव्हते, पण मुलाला शाल मिळणार हे कळल्यावर त्यांनी केळी भरायला आलेल्या ट्रकवाल्यालाही सांगितले. हे मोहिनीने कौतुकाने सांगितले तेव्हा हितेंद्र पाणी प्यायला म्हणून आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

डिसेंबरातल्या रविवारी तो एकटाच सकाळच्या एसटीने निघाला. मोहिनीला यायचे होते. जागा कमी आहे असे तो तिला खोटेच म्हणाला. एरंडोल गेले, पारोळा गेले. काय बोलायचे ते त्याने मनात जुळवले आणि दर थांब्यावर बदलले.

शाळेत पोचला तेव्हा कार्यक्रमाला तासभर अवकाश होता. नूतन मॅडम चाळिशीच्या, बारीक अंगाच्या, सुती साडीतल्या बाई निघाल्या. त्यांनी त्याला ध्वनिमुद्रणाच्या खोलीत नेले. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या होत्या. माइकसमोर एक म्हातारी बाई घशाला गरम पाण्याचा शेक घेत बसली होती. या वच्छलाबाई, नूतन मॅडम म्हणाल्या, निवृत्त शिक्षिका, इतिहास आणि विज्ञान यांनीच वाचले आहे. पुस्तक वाचताना वच्छलाबाईंची मराठी छापील असे. एरवी त्या घरच्याच बोलीत बोलत.

"मी ते बठ्ठं परत वाचं," त्या हितेंद्रला म्हणाल्या. "गया बसना शे मना."

घसा बसलाय, पण सगळे पुन्हा वाचले, असे त्या हसून सांगत होत्या. हितेंद्रला त्यांच्याकडे बघवेना. त्या पाणी बदलायला बाहेर गेल्या तसे त्याने दार लोटले.

"मॅडम, ती चूक तुमची नव्हती. मी अक्षर चुकीचं दिलं होतं. नंतर बदललं."

"मला माहीत आहे," नूतन मॅडम म्हणाल्या.

मंचावर कोणी उत्तर दिले की विचारणाऱ्याला त्याची मेल जाते. मंचावरचे उत्तर नंतर बदलता येते, मेल बदलत नाही. आठवड्याने जुन्या मेल पाहताना त्यांना ती दिसली होती. हितेंद्रने नऊ वर्षे त्या मंचावर घालवली होती आणि ही साधी गोष्ट त्याच्या डोक्यात आली नव्हती.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलून काय करणार होते? आमच्या कामाचं मंचावर तुमच्याशिवाय कुणी उत्तर देत नाही. पुढे कधी अडलं आणि तुम्हीही थांबला असता तर?" त्या आवाज न चढवता बोलत होत्या. "आणि चूक कुणाच्याही हातून होते, असंही म्हटलं मनाशी."

हितेंद्रच्या छातीवरचे ओझे क्षणभर उतरले. मॅडमना ठाऊक होते, त्यांनी पोटात घातलेही होते. आता शाल घेऊन, जेवून, संध्याकाळच्या गाडीने परत जाता येईल. हा विचार किती झटकन आला हे त्याच्या लक्षात आले आणि त्याला स्वतःची किळस वाटली. कारण खरी गोष्ट अजून पुढेच होती, आणि ती कुठल्याच मेलमध्ये नव्हती.

"आणखी एक आहे," तो म्हणाला. "त्या ध्वनिफिती परत मिळाल्या असत्या. बहुतेक सगळ्या. डिस्क तशीच ठेवा, एवढं सांगायचं होतं. मला माहीत होतं, तरी मी नवं इन्स्टॉल करायला सांगितलं."

नूतन मॅडमना ते समजायला थोडा वेळ लागला.

"का?"

"पकडला गेलो असतो म्हणून."

टेबलावरचे इतिहासाचे पुस्तक उचलून त्यांनी कपाटात ठेवले, कपाट बंद केले. व्हरांड्यातून वच्छलाबाईंच्या खोकण्याचा आवाज आला. त्या बाईंना बोलू नका म्हणून डॉक्टरांनी सांगितले होते, नूतन मॅडम शेवटी म्हणाल्या, पण मुलांची परीक्षा मार्चमध्ये आहे. एवढे बोलून त्या हॉलकडे गेल्या.

हॉलमध्ये साठ-सत्तर लोक होते. रुपचंदभाऊंनी भाषण केले, पाच हजार उत्तरांचा उल्लेख दोनदा केला, शाल घातली, नारळ हातात दिला. हितेंद्रला दोन शब्द बोलायला सांगितले. तो माइकशी उभा राहिला आणि त्याने घडले तसे सांगितले: अक्षर, लपवलेली खूण, मॅडमवर ढकललेला दोष, आणि दडवलेला सल्ला. शेवटचे सांगताना त्याचा आवाज इतका खाली गेला की मागच्या रांगेने माना पुढे केल्या. खांद्यावर शाल होती, ती काढावी की ठेवावी हे त्याला कळत नव्हते.

मग मागून कोणीतरी, मोठ्या मनाचा माणूस, असे म्हणाले आणि टाळ्या सुरू झाल्या. एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी. रुपचंदभाऊंनी डोळे पुसत त्याच्या पाठीवर हात ठेवला. केलेल्या कामासाठी कधी वाजल्या नव्हत्या एवढ्या टाळ्या त्याला ह्या पापासाठी मिळत होत्या, आणि त्या थांबवायच्या कशा हे त्याला माहीत नव्हते. नूतन मॅडम दाराशी उभ्या होत्या. त्यांचे हात पदराखाली होते.

जेवणे चालू असताना तो पायऱ्यांवर बसला आणि त्याने मोबाइलवरून ते जुने उत्तर उघडले. बी पुसून ए केला. खाली लिहिले की चुकीची कमांड मीच दिली होती, नूतन मॅडमचा दोष नव्हता, ही चालवू नये. पेन्सिलीची खूण दिसू दिली. मग संचालकपद सोडत असल्याचे रुपचंदभाऊंना लिहून पाठवले. त्यातल्या कशानेही त्याला हलके वाटले नाही.

तो एसटीला निघायच्या बेतात असताना नूतन मॅडम आल्या.

"देणगीतल्या संगणकांपैकी एकाचा आवाज येत नाही," त्या म्हणाल्या. "मला तुम्हाला सांगायचं नव्हतं. पण दुसरं कुणी नाही."

तो त्यांच्यामागे गेला. संगणकाच्या खोलीत त्याने खुर्ची ओढली, बिघाड शोधला. ध्वनिकार्डाची एक फाइल बदलायची होती. कमांड टाइप केली आणि त्याचे बोट सवयीने एंटरकडे गेले.

"थांबा," मागून नूतन मॅडम म्हणाल्या. त्यांनी खुर्ची घेतली नव्हती. "आधी वाचून दाखवा. एकेक अक्षर."

हितेंद्रने हात मांडीवर घेतला आणि पडद्यावरची ओळ पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. मध्ये एकदा तो भरभर गेला तेव्हा त्यांनी त्याला परत मागे नेले.