काम नाही

ओदुया मास्तरांनी ठिणग्यांपासून डोळे वाचवत लोखंडी चौकटीवर टकटक केली. अकेयोनं तोंडावरचा मुखवटा वर केला आणि मास्तरांना पाहून तिचा चेहरा खुलला.

मास्तरांच्या मागे न्योकाबी टॅब घेऊन उभी होती. तरुणांच्या सरकारी रोजगार योजनेतून वेल्डिंग शिकलेल्या चाळीस जणांपैकी किती कामाला लागले, हे मोजायला ती नैरोबीहून आली होती. निम्मे तरी कामाला लागलेले निघाले नाहीत तर अहेरो गावातला हा वर्ग बंद, आणि मास्तरांची अकरा वर्षांची नोकरीही गेली. मास्तरांनी फक्त घरं दाखवायची, तोंड उघडायचं नाही, अशी तिची अट होती.

एकोणचाळीस नावं झाली होती. एकोणीस हो, वीस नाही. दुकान थाटून बसलेला ओकेच नावाचा विद्यार्थीसुद्धा हातातली कानस न थांबवता "काम नाही" म्हणाला, तेव्हा मास्तरांना काही कळेना. पण चाळिसाव्या नावाची, अकेयोची, त्यांना काळजी नव्हती. ती म्हणजे त्यांच्या वर्गातली सगळ्यांत हुशार पोरगी.

"सध्या काही काम आहे?" न्योकाबीनं विचारलं.

"काम कुठलं, बाई. रिकामीच आहे."

भिंतीला तीन फाटकं टेकलेली होती. एकाचा रंग अजून ओला होता.

"मग हे काय?"

"हे आपलं असंच. हात आखडू नयेत म्हणून."

न्योकाबीनं मास्तरांकडे पाहिलं.

"सांगतील तेच लिहायचं असतं मला," ती हळूच म्हणाली आणि बटण दाबलं. "आता हे परत उघडत नाही." रस्त्यावर प्रवासी मटाटू गाडी आली तशी ती तिच्यात बसून निघून गेली.

अकेयोनं थर्मासमधला चहा ओतला. चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"कशी वाटली आमची युक्ती? ज्यांचे फोन लागले त्या सगळ्यांना मीच पढवलं. काम आहे म्हटलं असतं तर सरकार म्हणालं असतं, भागलं यांचं, आता वर्ग कशाला? तुमची नोकरी घालवतो होय आम्ही."

मास्तर चहाच्या कपात बघत राहिले. रागवावं म्हटलं तर राग येईना. एवढी माया कुणी आजवर त्यांच्यावर केली नव्हती.

"चांगलं केलंस, पोरी," ते म्हणाले. मग ओल्या फाटकाच्या सांध्यावरून त्यांनी नजर फिरवली. "हातात किती आहेत अशी?"

"सात. वर शाळेचं एक मोठं. एकटीला आवरत नाही, मास्तर. आणि जाणता माणूस तर औषधालासुद्धा मिळत नाही."

"वयाची काही अट?"

अकेयो खळखळून हसली. "तुम्ही पण ना."

मास्तरांनी कप खाली ठेवला, खुंटीवरचा दुसरा मुखवटा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं त्याची काच पुसायला घेतली.