आडाचं कुलूप

मित्रांनो, मी एक जुनं जाजम आहे आणि माझा राग अजून गेलेला नाही. जाजमानं रागावू नये, हे मलाही कळतं. कदाचित माझंच चुकत असेल. तरी सांगतो.

इचलकरंजीच्या एका मागावर मी विणला गेलो. कोल्हापुरातल्या एका ख्रिस्ती मंडळीनं मला घरगुती प्रार्थनांसाठी आणलं. दर बुधवारी संध्याकाळी एकेका घरी प्रार्थना असे. सायकलला बांधून मला तिथं नेत. लोक माझ्यावर गुडघे टेकत, माझ्या निळ्या-तांबड्या पट्ट्यांचं कौतुक करत. देवाच्या सर्वांत जवळ मीच आहे, असं मला वाटे.

पण हळूहळू ध्यानात आलं, की इथं देवाचं नाव घेऊन माणसं एकमेकांनाच ऐकवतात. "प्रभू, ज्यांना उपासनेला वेळेवर येणं जमत नाही, त्यांना घड्याळ बघायची बुद्धी दे." उशिरा आलेल्याची मान खाली जाई. प्रार्थनेच्या मध्ये बोलायचं नसतं, म्हणून तोही आपली पाळी येईपर्यंत दात-ओठ खात बसे.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात गल्लीतले नळ आटले. मंडळीचे कारभारी सयाजीराव यांच्या परसातल्या आडाला तेवढं पाणी होतं. त्यांनी आडावर फळ्या टाकून कुलूप घातलं. शेजारच्या चिमणाबाईंची नात रूथ जुलाबांनी निपचित पडली होती आणि घरात कळशीभर पाणी नव्हतं. त्या बुधवारी प्रार्थना सयाजीरावांकडेच होती. त्यांनी पाऊस मागितला, तहानलेल्यांसाठी मागितलं, रूथसाठीसुद्धा मागितलं. त्यांच्या गुडघ्यांखाली माझा धागा न् धागा जळत होता.

मग चिमणाबाईंची पाळी आली.

"देवा बापा, पाऊस तुझ्या सवडीनं दे. पर आडाला कुलूप काय तू घातलं न्हाईस. ते तेवढं सयाजीरावांच्या हातनं काढ. पोरगी वाळून चाललीया."

आमेन कुणी म्हटलं नाही. सयाजीरावांनीच पुन्हा सुरुवात केली, "प्रभू, आमच्या या बहिणीला नम्रता शिकव..."

त्यांच्या पत्नी धोंडुबाई माझ्या कडेला बसल्या होत्या. त्यांनी डोळे उघडले, उठून खुंटीवरच्या नवऱ्याच्या कोटाच्या खिशातून कुलपाची किल्ली काढली आणि त्यांच्या कानाशी वाकल्या.

"तुमचं चालू द्या की. मी जरा आमेन म्हणून येते."

परसात रहाट कुरकुरला. एकेक गुडघा माझ्यावरून उठला. आमेनआधी डोळे उघडायचे नाहीत, हा नियम सयाजीरावांनीच घातलेला. ते बोलतच राहिले. शेवटी आमेन म्हणाले, तेव्हा साथ द्यायला खोलीत कुणी नव्हतं.

"आता तरी कळशी धरा," परसातून धोंडुबाई म्हणाल्या.

तेही परसात गेले. रूथ वाचली.

मग माझा राग कशाचा? पुढं कितीतरी वर्षं लोक माझ्यावरच बसून साक्ष देत राहिले, की सयाजीरावांच्या प्रार्थनेनं पोरगी वाचली. किल्लीचं नाव कुणी काढलं नाही. आणि सयाजीराव मान डोलावून ऐकत.

आता मी चर्चच्या कपाटामागं गुंडाळून पडलोय. उंदरांनी माझी एक बाजू खाल्ली आहे. मित्रांनो, मला रफू केलं नाहीत तरी चालेल. मला तरी असं वाटतं, की प्रार्थना देवाला आठवण करून द्यायला नसते, त्याला सगळं ठाऊक असतं. ती आपल्याला उठवायला असते. तेव्हा खुशाल गुडघे टेका. पण उठल्यावर आधी आपल्या कोटाचा खिसा चाचपून बघा.