सुनीतीच्या टीव्हीचे रंग

ही गोष्ट २०२२ सालच्या दिवाळीनंतरची. साल पक्कं आठवतं, कारण माझे यजमान रहीम यांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि घरातल्या शांततेची मला सवय झाली असं मी लोकांना सांगायला लागले होते. हडपसरला दोन खोल्यांत मी एकटी. मूलबाळ नाही. फोन वाजला तर बहुतेक वेळा गॅस सिलिंडरचा.

त्या गुरुवारी सकाळी वाजला तो सुनीतीचा.

"आलिमा, आहेस ना अजून?"

"आत्तापर्यंत तरी आहे."

"मग ये. संतोषनं बंगलोरहून टीव्ही पाठवलाय. पंचावन्न इंची. बातम्या देणारी बाई पिकलेल्या टोमॅटोसारखी दिसते. बसवायला आलेला मुलगा म्हणाला, पिक्चर एकदम मस्त आहे. त्याला म्हटलं, तुला बाई कधी दिसली नाहीये बहुतेक."

सुनीती आणि मी १९८४ ते २००३ अशी एकोणीस वर्षं हडपसरमधल्या एका टीव्हीच्या कारखान्यात शेजारी शेजारी बसलो. आमचं काम रंग जुळवण्याचं. तयार झालेला सेट आमच्याकडे पाठ करून टेबलावर यायचा. मागच्या बाजूला लाल, हिरवा, निळा यांचे बारीक स्क्रू असायचे, ते प्लॅस्टिकच्या पेचकसानं फिरवायचे. पण चित्र तर पुढच्या बाजूला! म्हणून समोरच्या भिंतीला मोठे आरसे लावले होते. हात सेटच्या मागे आणि नजर आरशात. सुनीतीचं तोंड मी एकोणीस वर्षं समोरून कमी आणि आरशात जास्त पाहिलं. तिच्या केसांचा भांग डावीकडे की उजवीकडे, हे मला आजही पटकन सांगता येत नाही.

आमचे सुपरवायझर रंगराव. त्यांचा एकच नियम, "आधी अंधार, मग उजेड." म्हणजे चित्रातल्या काळ्या जागांतला रंग आधी नीट करायचा, मग पांढऱ्या जागांतला. उलटं केलं की दिवसभर फिरत बसा. नव्या मुलीला शिकवायची त्यांची पद्धतही ठरलेली होती. जुन्या हातानं एक चांगला सेट मुद्दाम बिघडवायचा आणि त्या मुलीनं तो ताळ्यावर आणायचा. पहिल्या दिवशी काळ्यात लाल वाढवायचा, दुसऱ्या दिवशी हिरवा उतरवायचा, तिसऱ्या दिवशी निळा, मग दोन दोन रंग एकदम. असे आठ धडे. बिघडवण्यात सुनीती पटाईत होती. रंगराव म्हणायचे, "सुनीतीबाईंनी बिघडवलेला सेट जिला जमला, तिला कुठलाही जमेल."

कारखाना बंद झाला आणि आम्ही दिवाळी आणि ईदच्या फोनापुरत्या उरलो. तिचे यजमान गेले, मुलगा बंगलोरला गेला. कर्वेनगरच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर ती एकटी.

मी गाडीतळावरून बस धरून डेक्कनला उतरले, तिथून दुसरी धरून कर्वेनगरला गेले. टीव्ही खरंच भडक होता. दुकानातल्या झगमगाटात उठून दिसावा म्हणून नवे टीव्ही सगळे रंग चढवलेल्या अवस्थेत येतात, आणि घरी आले तरी कोणी ते उतरवत नाही. रिमोट घेऊन मी एकेक गोष्ट बंद केली. कडा धारदार करणारं बंद. हालचाल गुळगुळीत करणारं बंद. त्यानं मालिकेतली माणसं तेलावरून घसरल्यासारखी चालत होती. मग 'सिनेमा' असं लिहिलेलं निवडलं.

"अगं, सगळ्यांना हळद लावलीस की!" सुनीती म्हणाली.

"दहा मिनिटं थांब. डोळा बसू दे."

"नाही बसला तर?"

"तर तूही हळद लावून बस."

दहा मिनिटांनी ती पुढे सरकून बसली. "आता माणूस दिसतोय," म्हणाली. आमच्या लाइनीत याहून मोठी शाबासकी नसायची. मी जेवूनच परतले.

पुढच्या गुरुवारी पुन्हा फोन. "बिघडला गं."

गेले. बातम्या देणाऱ्या बाईचे केस तांबूस दिसत होते, पण पदर मात्र पांढराशुभ्र. म्हणजे काळ्यात लाल वाढलेला. नव्या टीव्हीत स्क्रू नसतात, पण मेनूच्या पाचव्या पायरीवर तेच तीन रंग आकड्यांत लिहिलेले असतात. लाल अधिक नऊवर होता, शून्यावर आणला. नवीन यंत्र आहे, होत असेल, असं मला वाटलं.

तिसऱ्या गुरुवारी हिरवा उतरला होता. सगळे गुलाबी. रिमोट हातात धरून मी थांबले. हा रंगरावांचा दुसरा धडा होता.

मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. सुनीती पाठमोरी उभी होती आणि एका कपाचा चहा जन्मभराचा चहा असल्यासारखी सावकाश गाळत होती.

हिरवा जागेवर आणला.

चौथ्या गुरुवारी निळा. पाचव्याला दोन रंग एकदम, तेही असे की एकानं दुसऱ्याला झाकावं. मला बसमध्येच उत्सुकता लागायची. मीही मुद्दाम वेळ लावू लागले. दहा मिनिटांच्या कामाला दीड तास. मध्ये जेवण, मग रंगरावांच्या नकला, मग डबा धुवायच्या नळावरची जुनी भांडणं.

"जमत नाहीये वाटतं?" ती विचारायची.

"अवघड बिघाड आहे. कोणीतरी हुशार माणसानं केल्यासारखा."

"यंत्रं हल्ली हुशारच असतात," ती म्हणायची आणि भाजीत आणखी थोडं तिखट घालायची.

आठ धडे संपल्यावर फोन येईल का, याची मला काळजी होती. दहाव्या गुरुवारी पुन्हा काळ्यात लाल वाढला होता. त्या दिवशी मी बसमधून उतरताना गुणगुणत होते, हे शेजारच्या बाईनं वळून पाहिलं तेव्हा मला कळलं.

फेब्रुवारीत संतोष चार दिवसांसाठी आला. मला माहीत नव्हतं. मी नेहमीसारखी गेले तर दार त्यानंच उघडलं. चाळिशीचा, सभ्य मुलगा. लहानपणी कारखान्याच्या स्नेहसंमेलनात माझ्या मांडीवर बसलेला. चहा झाला. टीव्हीवर सगळे गुलाबी होते. मी रिमोटकडे हात नेला तर त्यानं तो हळूच स्वतःकडे घेतला.

"मावशी, राग मानू नका. पण तुम्ही येऊन गेलात की आठवड्यानं हा बिघडतोच. आई दर रविवारी फोनवर सांगते. जुन्या टीव्हीचं तंत्र वेगळं होतं, याचं वेगळं आहे. मी कंपनीचा माणूस बोलावलाय. आता तुम्ही हात नका लावू."

त्यात वावगं काही नव्हतं. एवढ्यावर मी "बरं बाळा" म्हणून उठायला हवं होतं. पण एकोणीस वर्षांत माझ्या टेबलावरून गेलेला एकही सेट रंगासाठी परत आला नव्हता. दुसरं काही माझ्या नावावर नव्हतं. मला राहवलं नाही.

"मी नाही बिघडवत," मी म्हणाले. "तुझी आई बिघडवते. हिरवा आपोआप उणे अकरावर जात नाही. पाच पायऱ्या उतरून कोणीतरी नेल्याशिवाय जात नाही."

संतोषनं आईकडे पाहिलं. "आई? तू?"

सुनीतीनं माझ्याकडे पाहिलं. हिच्याशी खेळते, ही यावी म्हणून बिघडवते, एवढं तिनं म्हटलं असतं तर संपलं होतं. पण मुलापुढे तसं म्हणणं म्हणजे माझ्याकडे कोणी येत नाही असं म्हणणं, आणि ते सुनीतीच्या तोंडून या जन्मात निघालं नसतं.

"हात लागला असेल," ती म्हणाली.

"दर आठवड्याला? तोच मेनू?"

"आठवत नाही मला."

"म्हणजे केलंस आणि आठवत नाही?"

"नाही आठवत म्हटलं ना!"

संतोषचा चेहरा पांढरा पडला. तिनं केवढं सोंग उचललं होतं, हे मला त्याच क्षणी कळलं. एका वाक्यात मी ते उतरवू शकले असते. पण तिची नजर माझ्यावर रोखलेली होती, बोललीस तर याद राख अशी. शिवाय मी आधीच एकदा जास्त बोलले होते. मी पर्स उचलली आणि निघाले. लिफ्टपर्यंत सोडायला ती आली नाही.

पंधरा दिवसांत स्मरणशक्तीच्या तपासण्या झाल्या, आणि मार्च संपायच्या आत संतोष तिला बंगलोरला घेऊन गेला. "एकटं ठेवण्यात धोका आहे," असं त्यानं सोसायटीत सांगितलं. जायच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला.

"डॉक्टरनं विचारलं, आज वार कोणता? म्हटलं, गुरुवार नाही एवढं नक्की."

मला हसू आलं आणि मग आलं नाही. "सुनीती, मी सांगू का त्याला?"

"काय सांगणार? तुझी आई खोटारडी आहे की बिचारी आहे? दोन्हीपेक्षा विसराळू बरी."

"माझं चुकलं."

"चुकलंच," ती म्हणाली. "पण काम मात्र तू चोख केलंस हं."

बंगलोरहून तिचे फोन यायचे, आधी आठवड्यानं, मग महिन्यानं. तिथे तिच्या खोलीत वेगळा टीव्ही होता आणि रिमोट सुनेकडे. भाषा येत नाही म्हणून खाली उतरायची नाही.

सुनीती २०२४ च्या ऑगस्टमध्ये गेली, झोपेतच. संतोषनं मला आठ दिवसांनी कळवलं. "शेवटपर्यंत तिला सगळं आठवत होतं, मावशी," तो म्हणाला. "दर वेळी डॉक्टर म्हणायचे, यांना काही झालेलं नाही. मग तेव्हा ती तसं का करायची, हे काही कळलं नाही."

मी त्याला सांगितलं. आठ धडे, आरसे, चहा, सगळं. त्यानं विचारलं, "हे त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

ती नको म्हणाली होती, एवढंच मी सांगितलं. त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही.

कर्वेनगरचा फ्लॅट त्यानं भाड्यानं दिलाय. आयटीतल्या दोन मुली राहतात असं ऐकलं. रंगराव नव्वदीला आले आहेत, खडकीला मुलीकडे असतात, त्यांना आमच्यापैकी कोणीच आठवत नाही. माझी भाची अलफिया मला आपल्याकडे चल म्हणते. मी अजून हडपसरलाच आहे.