इस्माईलची इंग्रज पलटण

आमच्या लोणीत वडगावची लढाई दर रविवारी व्हायची. मैदान म्हणजे जुन्या दाराची फळी, नदी म्हणजे शेतातल्या चंदेरी मल्चिंग पेपरची पट्टी, आणि बोटाएवढे शिपाई शिशाचे. फासा टाकायचा आणि फौज हलवायची. इस्माईलचं आळेफाट्याला टायरचं दुकान. चाकांच्या बॅलन्सिंगची जुनी वजनं वितळवून त्यानंच दोन्ही फौजा ओतल्या आणि रंगवल्या. एकदा माझी तोफ खरीच उडाली आणि पेठच्या घाटात एका ट्रकचा टायर फुटला, असं लोक म्हणतात. म्हणजे मीच म्हणतो.

मराठे कायम माझे, इंग्रज कायम इस्माईलचे. "कुणीतरी इंग्रज झाल्याबिगर तुझे मराठे लढणार कुणाशी, सयाजी?" म्हणायचा, हरायचा आणि संध्याकाळच्या एसटीनं जुन्नरला घरी जायचा.

दिवाळीनंतर त्याला झटका आला. उजवा हात लुळा पडला. बोलता येत होतं, पण बोलेना. एवढाच निरोप आला, "दुसरा इंग्रज बघ."

बघितला की! शेजारच्या कुंडलिकला बसवलं. पहिल्याच डावात त्यानं अख्खी पलटण उचलून माझ्या बाजूला आणून ठेवली. "मला न्हाई जमत राव, आपल्याच मानसांवर तोफ डागायला." त्याच्यानंतर बसवलेल्या बहिरूनं तर लढाईआधीच तह केला, वर मला पेढा भरवला. आमच्या पंचक्रोशीत इंग्रज व्हायला माणूस मिळत नाही. ते काळीज एकट्या इस्माईलचं.

शेवटी दोन्ही फौजा डब्यात भरून मीच जुन्नर गाठलं. इस्माईल खाटेवर, भिंतीकडं तोंड करून पडलेला. कमरजहाँवहिनी दारातच हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, इतक्या दिवसांत माझ्यावर साधं खेकसले पन न्हाईत."

मी त्याच्या पायाशी चादर ताणून मैदान केलं. "ऊठ. आज मराठे तुझे, इंग्रज मी."

"हात चालत न्हाई माझा."

"तू सांग, मी हलवतो."

"माझ्या शिपायाला दुसऱ्याचा हात नको."

"ऱ्हायलं. मी एकटाच खेळतो."

आणि मांडले मी इंग्रज! तोफांची तोंडं आपल्याच शिपायांकडं. दारूगोळ्याचे बैल नदीत डुंबायला. साहेब लढाई सोडून उशीच्या डोंगरावर हवा खात. इस्माईलनं मान वळवली.

"हे काय लावलंयस?"

"इंग्रज. येडेच व्हते ते. म्हनून तर दर रविवारी हरले."

"येडे?" तो कोपरावर उठला. "माझी पलटण येडी? अरे, शिस्तीत हरली ती! रांग मोडली व्हती का कधी? सरक! तुझे मराठे घे आन् बस तिकडं!"

पांघरुणातून डावा हात निघाला. त्या बिनसरावाच्या हातानं त्यानं एक तोफ फिरवली. तीन शिपाई आडवे झाले. एकेक करून त्यानंच ते उभे केले. लई वेळ लागला. मी हात लावला नाही. पलटण त्याची होती.

मग फासा पडला. किती पडला ते विचारू नका, मी सांगितलेलं तुम्हाला पटायचं नाही. माझं घोडदळ मात्र भुईसपाट झालं आणि इस्माईल ओरडला, "कमर! इकडं ये, बघ ह्याचे घोडे!"

वहिनी चहा घेऊन धावत आल्या. खाटेवर कप टेकवायला जागा नव्हती. लढाई संपेपर्यंत त्या दोन्ही हातांत कप धरून तशाच उभ्या राहिल्या. चहावर जाड साय धरली, तरी कुणाला लढाई संपवायची घाई नव्हती.