व्याह्याच्या हातची सिगारेट

बाबांनी सिगारेट सोडली हे आमच्या व्हॅनला अजून कळलेलं नाही. कोचकोरहून बिश्केकला वडाप नेताना बोमच्या घाटात, जिथे रस्ता नदीला अगदी खेटून वळतो, तिथे ती आपोआप उभी राहते. बाबा म्हणतात, "मी नाही थांबवत, माझा पाय थांबवतो." मग उतारू उतरतात, अंग मोकळं करतात, आणि बाबा त्यांच्या जुन्या दगडापाशी जाऊन कुरुत चोखत उभे राहतात. कुरुत म्हणजे चक्क्याची वाळवलेली खारट गोळी. इतकी टणक की एखाद्याचा दात पडेल, पण ती फुटायची नाही.

हिवाळ्यात गाडी चालवता चालवता बाबांना असा खोकला लागला की समोरचा रस्ताच दिसेना. डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि म्हणाल्या, "जुमादिल, पुढच्या वेळी माझ्याकडे येऊ नका. सरळ मुल्लाकडे जा." बाबांनी तिथल्या तिथे पाकीट दवाखान्याच्या शेगडीत टाकलं. मी शेजारीच उभी होते. मला वाटलं, चला, संपलं!

कसलं संपतंय! मला वाटायचं सिगारेट सोडणं म्हणजे किडका दात काढणं. काढला, थुंकलं, झालं. पण बाबांचा हात दिवसभर शर्टाच्या खिशाकडे जायचा. चहा प्यायले की जायचा, फोन वाजला की जायचा, कुणाचा राग आला की जायचा आणि कुणी फार प्रेमानं बोललं तरी जायचा. जेवण झाल्यावर दुवा मागून आम्ही तळहात चेहऱ्यावरून फिरवतो, तर बाबांचे हात चेहऱ्यावरून उतरून थेट खिशावर येऊन थांबायचे.

"झाली माझ्या सवतीची आठवण," आई म्हणायची.

"आठवणीला काय पैसे पडतात?" बाबा म्हणायचे.

आता माझ्याबद्दल. या वर्षी शाळेतल्या वादविवादात मी दहावीच्या मुलांना धूळ चारली. तेव्हापासून माझी अशी खात्री झाली आहे की जगातली कुठलीही गोष्ट मोठ्या आवाजात सांगितली की होते. म्हणून बाबांची राखण मी माझ्याकडे घेतली. कोटाचे खिसे तपासायचे, कॉलरचा वास घ्यायचा, शेजारच्या अंगणात ते जास्त वेळ थांबले की "बाबाऽऽ" अशी हाक मारायची. ही हाक पलीकडच्या डोंगरावरच्या मेंढ्यासुद्धा ऐकायच्या.

एका दुपारी शाळेतून आले तर अंगणात व्हॅन उभी, काचा बंद, आणि आत बाबा डोळे मिटून बसलेले. मी दार खस्सकन ओढलं.

"पकडलं!"

"काय पकडलंस?"

"धूर कुठाय?"

"धूर नाही गं पोरी. नुसता वास आहे." त्यांनी सीटवर हात फिरवला. "इतक्या वर्षांचा मुरलाय."

"आणि तुम्ही तो हुंगत बसलाय? शी! कशासाठी?"

"वास आला की फार हवीशी वाटते. मग मी ओढत नाही. मग जरा बरं वाटतं."

"असं कुणी स्वतःला छळतं का?"

"हिला घाबरून पळालो तर ही घरभर माझ्या मागे लागेल, जिपारा. त्यापेक्षा समोरासमोर बसलेलं बरं."

मला काडीचंही पटलं नाही. दुसऱ्याच दिवशी मी सगळ्या सीट सोडा आणि व्हिनेगर घालून घासून काढल्या. व्हॅनला लोणच्याच्या बरणीचा वास यायला लागला. उतारू बालिकचीपर्यंत शिंकत गेले. संध्याकाळी बाबा परत आले ते हसतच. "छान धुतलीस. आता माझं डोकं आण तेवढं बादलीत बुडवून."

मी चिडले. मनात विचार येतो म्हणजे माणूस अजून सोडायला तयारच नाही, असं मी त्यांना ठणकावून सांगितलं. वादविवादात हे चाललं असतं. बाबा नुसते कुरुत चोखत राहिले.

मे महिन्यात माझ्या मोठ्या बहिणीला, उल्झानला, कानातलं घालायला, म्हणजे आमच्याकडच्या साखरपुड्याला, सासरची माणसं यायची ठरली. मुलगा उलान. चांगला आहे, कान जरा मोठे आहेत. अडचण त्याच्या वडिलांची होती. ओर्मोनबेक म्हणजे बालिकचीतलं बडं प्रस्थ. मनानं मोठा, आवाजानं त्याहून मोठा, आणि एक सिगारेट विझायच्या आत तिच्यावरच दुसरी पेटवणारा.

"व्याह्यांना बाहेर जाऊन ओढा असं कसं सांगायचं?" बाबांनी आईला विचारलं.

"तोंडानं," आई म्हणाली.

पण पहिल्यांदा दारात येणाऱ्या व्याह्याला आमच्याकडे कुणी असं सांगत नाही. बाबांच्या खिशात त्या आठवड्यात कुरुत टिकेना. "तुम्ही काळजी करू नका, मी आहे ना!" मी म्हटलं.

"तीच तर काळजी आहे," बाबा म्हणाले.

आले एकदाचे. व्याह्यांची थट्टा करायचा त्या दिवशी आमचा हक्कच असतो, आणि नवरीच्या धाकट्या बहिणीला तर सगळं माफ. मी पाहुण्यांच्या कोटांच्या बाह्या एकमेकींना टाचून ठेवल्या. उलानच्या चहात मीठ घातलं. तो बिचारा तसाच प्यायला, वर "छान आहे" म्हणाला. मी बहिणीला डोळा मारला, पास!

ओर्मोनबेक मानाच्या जागी, दारासमोर, गाद्यांच्या थप्पीवर बसले. बसल्या बसल्या पेटवली. धूर बोर्सोकच्या, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांच्या, ढिगावरून तरंगत बाबांपर्यंत गेला. बाबांनी खोल श्वास घेतला. मी पाहिलं ते. पुन्हा घेतला. मी डोळे वटारले, पण त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

मग मेंढीचं उकडलेलं काळीज आणि शेपटाची चरबी आली. हे खाणं व्याही एकमेकांना स्वतःच्या हातानं भरवतात. गिळलं की सोयरीक पक्की, मागे फिरणं नाही. हातानं भरवलेलं कुणी नाकारत नाही. नाकारलं तर हात नाकारला, आणि हात नाकारला तर माणूस नाकारला. बाबांनी भरवलं, ओर्मोनबेकनी भरवलं, सगळे ओरडले, पलीकडे विहीणबाईंनी उल्झानच्या एका कानात सोन्याचं डूल घातलं आणि दुसरा कान हातात धरला.

तेवढ्यात ओर्मोनबेकनी नवी सिगारेट पेटवली, एक झुरका घेतला आणि ती बोटांत धरून बाबांच्या ओठांसमोर नेली. अगदी काळजाचा तुकडा धरतात तशी.

"कुदा!" आमच्याकडे व्याह्याला कुदा म्हणतात. "ऐकलंय, तुम्ही सोडलीत म्हणे! सोडा, जरूर सोडा. पण उद्या. आज माझ्या हातची घ्या."

"घे रे, हातचं आहे," कोपऱ्यातून आमचे म्हातारे चुलतआजोबा म्हणाले. विहीणबाईंचा हात दुसऱ्या कानापाशी तसाच थांबला. आणि बाबांचा कंठ हलला. ओठ किंचित उघडले. हो, उघडले, मी समोरच होते.

मी काय केलं? मी ताटातली चरबी मूठभर उचलली आणि ओर्मोनबेकच्या तोंडात कोंबली. "माझ्या हातचं पण घ्या, कुदा! नाही म्हणायचं नसतं!"

सगळे खदखदून हसले. ओर्मोनबेकचे गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं, चरबी मिशांवरून हनुवटीवर ओघळली. मला वाटलं, जिंकले! पण त्यांनी ते सगळं चावून गिळलं, आणि सिगारेटचा हात जिथल्या तिथे. तसूभर हलला नव्हता.

"शाब्बास पोरी! तू तुझं काम केलंस. आता वडिलांची पाळी."

मग बाबांनी त्यांचं मनगट धरलं. सिगारेट नाही, मनगट. आणि हळूच खाली आणलं.

"कुदा, काळीज तुमच्या हातचं खाल्लं. आणखी भरवाल ते खाईन. हे नाही."

"अहो, एकच झुरका!"

"एक झुरकाच तर हवाय मला. तुम्ही आल्यापासून तुमच्या प्रत्येक झुरक्याबरोबर मी मनात एक ओढतोय. तुम्ही मध्ये मध्ये बोलता तरी, मी तर तेवढाही थांबलो नाही. आज तुमच्यापेक्षा जास्त मी ओढलीय."

कुणीतरी फिसकन हसलं.

"पण मनात," बाबा म्हणाले. "मनात काय यायचं ते येऊ दे. तिथे माझं चालत नाही. तोंड मात्र माझं आहे. आणि यावरून सोयरीक अडत असेल तर दुसरं डूल खिशात ठेवा, कुदा. माझी मुलगी एका कानानंही चांगलीच दिसते."

बापरे! उल्झानचा चेहरा पांढराफटक. आईनं बाबांकडे असं पाहिलं की मला कळेना ती रागावली आहे की पुन्हा एकदा त्यांच्या प्रेमात पडली आहे. ओर्मोनबेक लालबुंद झाले. विहीणबाईंनी नवऱ्याकडे एकदा बघितलं, उल्झानचा कान जवळ ओढला आणि दुसरं डूल घालून टाकलं.

"तिकडे लक्ष देऊ नकोस गं. माझ्या घरात यांच्या धुरानं पडदेसुद्धा पिवळे झालेत. कुणीतरी नाही म्हणालं ते बरं झालं."

ओर्मोनबेक उठले. कोट घालायला गेले तर बाह्या टाचलेल्या. तशीच टोपी डोक्यावर दाबून अंगणात गेले. बाबा त्यांच्या मागे निघाले. मीही उडी मारून उठले.

"जिपारा, बस."

"बाबा, पण ते पुन्हा देतील..."

"देतील. तू बस."

मी बसले, पण खिडकीपाशी. ओर्मोनबेक सफरचंदाच्या झाडाखाली पाठ फिरवून ओढत होते. बाबा जाऊन शेजारी उभे राहिले, आणि तेही वारा जिकडे धूर नेत होता त्या बाजूला! धूर सरळ तोंडावर. ते हलले नाहीत. हात मागे बांधलेले, कविता म्हणायला उभ्या केलेल्या पोरासारखे. मी खिडकीची कडी काढली. एक हाक माझ्या घशापर्यंत आली होती, मेंढ्यांना ऐकू जाईल अशी.

ओर्मोनबेकनी सवयीनं पाकीट पुढे केलं. बाबांनी मान हलवली. पाकीट थोडा वेळ तसंच हवेत राहिलं, मग खिशात गेलं. मी हाक गिळली.

"खरंच दिवसभर आठवण येते?" ओर्मोनबेकनी विचारलं. आवाज चक्क लहान होता.

"दिवसभर. झोपेतसुद्धा."

"मग करता काय?"

"काही नाही. आठवण येते, मी ओढत नाही. परत येते, परत ओढत नाही."

"आणि कंटाळा नाही येत?"

"तिला आधी येईल," बाबा म्हणाले.

मी खिडकी लावली आणि तिच्याकडे पाठ करून जेवायला बसले.