कापड बांधलं की उठायचं नाही

मित्रांनो, मी एका सलूनमधली जुनी खुर्ची आहे. जवळ या, पण माझ्यावर बसू नका. फार थकले आहे मी. कोणी टेकलं की हळूहळू खाली जाऊ लागते. गिऱ्हाईक बसताना आरशात छातीपर्यंत दिसतं आणि केस कापून होईपर्यंत त्याचं नुसतं कपाळ उरतं. माझ्या पोटातला तेलाचा पंप गळतो, दुसरं काय!

एका कारखान्यात माझा जन्म झाला. ओतीव लोखंडाचा पाय, पांढऱ्या मुलाम्याचे हात, तांबडी गादी. त्या दिवसांतला माझा तोरा काय सांगू! दुकानाचे मालक रोज सकाळी मला स्वतःच्या हातांनी पुसत. त्यांनी पायाने दांडा दाबला की मी ऐटीत वर जाई. लोक म्हणत, "खुर्ची असावी तर अशी." मालक हसत आणि वस्तऱ्याला धार लावत.

त्यांना दोन मुलगे. दोघांचं सख्य विळ्याभोपळ्याचं. दुकान बंद असेल त्या दिवशी मालक माझ्या हातांवर आडवी फळी टाकून दोघांचे केस कापत. त्यांचा एक नियम होता. भांडण झालेलं असेल, तर ज्याच्या नाकावर राग तो आधी खुर्चीत. गळ्याला पांढरं कापड बांधलं की उठायचं नाही. दुसऱ्याने समोर उभं राहून मनातलं सगळं बोलून टाकायचं. बसलेल्याने मध्ये तोंड उघडायचं नाही, कारण तोंडात केस जातात. "कात्री चालू आहे तोवर ऐक," मालक म्हणत, "मग काय ते उत्तर दे." तोवर बसलेला आरशातलं स्वतःचं ध्यान पाहून हसायला लागलेला असे.

मुलं मोठी झाली. थोरला दुकानात वडिलांच्या हाताखाली आला. धाकट्याला कॅमेऱ्याचं वेड लागलं आणि तो दूरच्या शहरात गेला. मग मालक आजारी पडले. थोरला त्यांना रोज सकाळी, दुकान उघडण्याआधी, धरून आणी आणि माझ्यावर बसवून दाढी करी. त्यांचं वजन इतकं घटलं होतं की मी खालीही जाईना. डोळे मिटूनच ते विचारत, "धाकटा आला का रे?"

"येतोय, बाबा," थोरला म्हणे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पाणी गरम करणारा, धरून आणणारा, जपून वस्तरा फिरवणारा समोर उभा, आणि जो नाही त्याच्या नावाचा जप चाललेला. थोरल्याच्या हे जिव्हारी लागत होतं. वस्तरा बाजूला ठेवून तो माझा हात घट्ट धरून उभा राही, म्हणून मला ठाऊक.

एका सकाळी मालक आले नाहीत. धाकटा पोचला तेव्हा अंत्यविधीसुद्धा आटोपला होता. इथेच, माझ्यासमोर, तो म्हणाला, "तू थांबला नाहीस." थोरला म्हणाला, "तू आला नाहीस." तेव्हापासून दोघांचं बोलणं तुटलं. थोरल्याने नव्या खुर्च्या आणल्या, मला कोपऱ्यात ढकललं आणि माझ्यावर ओल्या टॉवेलांचा ढीग टाकला. भंगारवाला आला की मात्र म्हणे, "ती राहू दे." दुरुस्तही करेना आणि विकेनाही. अशी मी वर्षानुवर्षं ताटकळले.

मग एकदा मालकीणबाई, म्हणजे दोघांची आई, दुकानात आल्या. "धाकटा बाबांवर शॉर्टफिल्म करतोय. त्याला दुकान पाहिजे."

"आत्ता आठवले होय त्याला बाबा?"

"हे बघ, मी दमले तुमचे निरोप पोचवून. पोस्टमन आहे का मी? दे त्याला दुकान."

थोरल्याने दिलं. दिवे लागले, वायरी पसरल्या, माझ्यावरचे टॉवेल निघाले. वडिलांचं काम करणारा नट माझ्यावर बसला, मुलाचं काम करणारा त्याची दाढी करू लागला. खरा थोरला दारात हाताची घडी घालून उभा होता. नट थकलेल्या आवाजात म्हणाला, "धाकट्याला कळवू नकोस. मला कोणाची वाट पाहायची नाही."

"हे कोणी सांगितलं तुला?" थोरला दारातूनच ओरडला.

इतक्या वर्षांत तो भावाशी सरळ बोललेलं हे पहिलं वाक्य. धाकटा कॅमेऱ्यामागून उठला. "कोणी काही सांगितलंच नाही, दादा. मग मला जे वाटत राहिलं ते लिहिलं."

बाकीची मंडळी चहाचं निमित्त करून बाहेर सटकली. धाकटा येऊन माझ्यावर बसला. मी सवयीने खाली जाऊ लागले. थोरला दारातून आत आला. मग त्याने खुंटीवरचं पांढरं कापड काढलं, झटकलं आणि भावाच्या गळ्याला बांधलं. धाकटा अर्धवट उठला, थबकला आणि परत बसला.

"कात्री चालू आहे तोवर ऐक," थोरला म्हणाला. "रोज विचारायचे. धाकटा आला का, धाकटा आला का. सगळं मी करायचो आणि नाव तुझं. माझा जीव जळायचा. म्हणून नाही सांगितलं. म्हटलं, तुला एवढंही मिळू नये."

धाकटा रडू लागला. हात कापडाखाली अडकलेले, त्यामुळे नाक पुसता येईना. थोरल्याने लहान पोराचं पुसावं तसं टॉवेलने पुसलं, पायाने दांडा दाबून मला वर घेतलं आणि पुन्हा केस कापू लागला. कात्री थांबल्यावर धाकटा म्हणाला, "माझा फोन लागत नव्हता असं मी तेव्हा सांगितलं, ते खोटं होतं, दादा. लागत होता. मी घाबरलो होतो. बाबांना तसं बघायची हिंमत नव्हती."

थोरल्याचा हात कापडाच्या गाठीकडे गेला. आता हा कापड ओढून काढतो की काय, अशी मला धास्ती वाटली.

"मान खाली कर," तो शेवटी म्हणाला. "मागे राहिलेत."

मित्रांनो, त्याने भावाला माफ केलं का, ते मला माहीत नाही. शॉर्टफिल्ममधलं ते वाक्य धाकट्याने बदललं, एवढं खरं. ती लोकांना आवडली की नाही, कोणास ठाऊक. माझा पंप अजून गळतोच आहे. तुमच्या घरी माझ्यासारखं कोणी जुनं असेल तर त्यावर ओले टॉवेल टाकू नका, थेंबभर तेल घाला. आणि घरात कोणाशी अबोला असेल, तर त्याला समोर बसवून बोला. आम्हाला सगळं ऐकू येतं, पण सांगता येत नाही, तुम्हाला येतं.

त्या दिवशी सगळे गेल्यावर थोरल्याने जमिनीवरचे केस झाडून घेतले. मग फडकं घेऊन माझी गादी पुसली, हात पुसले, डोकं टेकायची उशी पुसली. रिकाम्या उशीवर हात ठेवून तो हळूच म्हणाला, "आला होता, बाबा."